एका फुंकरीत दोन सूर

लग्नसराईत नाशिकमध्ये कुठेतरी वरात रस्त्यात अडकते, मागे गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, तेव्हा बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याकडे जरा कान देऊन बघा. गाण्याची ओळ तो सरळ वाजवत नाही. खालच्या सुरावरून वरच्या सुरावर घसरत जातो, मध्येच आवाजाला खरखर आणतो, ओळ संपताना सूर मुद्दाम थोडा पाडतो. त्याला कोणी विचारलं तर तो म्हणेल, गाणं असंच वाजवतात. पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या संस्थांमध्ये मात्र यातल्या बऱ्याच गोष्टी ‘एक्स्टेंडेड टेक्निक्स’ या भारदस्त नावाखाली येतात. त्यांची वेगळी पुस्तकं असतात, वेगळा रियाज असतो.

आपल्या शास्त्राने फुंकून वाजवायच्या वाद्यांना सुषिर वाद्यं म्हटलं आहे. त्यातली बासरी, क्लॅरिनेट, ओबो, बॅसून, सॅक्सोफोन ही मंडळी पाश्चात्त्यांच्या ‘वुडविंड’ घराण्यातली. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी पत्तीवर (तोंडाशी बसवलेल्या, फुंकरीने थरथरणाऱ्या पातळ पट्टीवर) वाजतो, म्हणून तोही यांच्यातच. या वाद्यांवर एका वेळी एक, स्वच्छ, ठरलेल्या पट्टीतला सूर काढणं हे नेहमीचं वादन. त्यापलीकडे त्याच वाद्यातून जे जे निघतं ते सगळं विस्तारित तंत्रात मोडतं: घसरते सूर, पाव सुरांची अंतरं, जीभ थरथरवणं, वाजवता वाजवता गाणं, एकाच वेळी दोन-तीन सूर काढणं, चाव्यांची (भोकं झाकणाऱ्या झडपांची) टकटक, श्वास न तोडता वाजवत राहणं.

हे सगळं एकाच पोत्यात भरलं जातं, पण माझ्या मते यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काही तंत्रं अशी, की वाद्याला चाव्या बसवताना जे हातचं गेलं ते पुन्हा मिळवण्यासाठी निघाली. बाकीची खरोखरच नवी, वाद्य घडवणाऱ्याच्या डोक्यातही कधी नसलेली. पहिल्या प्रकाराबद्दल ‘हे तर आपल्याकडे होतंच’ असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्याबद्दल तसं म्हणणं म्हणजे उगाच कॉलर ताठ करणं.

आधी नळी कशी वाजते ते थोडक्यात बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बांबू, लाकूड किंवा चांदी हे वाद्याचं कवच झालं, वाजते ती आतली हवा. फुंकरीने किंवा पत्तीच्या थरथरण्याने तिला सतत धक्के बसतात आणि नळीच्या लांबीला जी कंपनं मानवतात तीच टिकून राहतात. भोक उघडलं की नळी आखूड झाल्यासारखी होते आणि सूर चढतो. बासरीची नळी दोन्ही टोकांना उघडी असते, त्यामुळे मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी कंपनं तिला चालतात. म्हणून फुंकर जोरकस केली की मध्य सप्तकातल्या सा चा तार सा होतो. क्लॅरिनेटची नळी सरळसोट, आणि तिचं तोंडाकडचं टोक पत्तीमुळे बंद असल्यासारखं वागतं. तिला ठळकपणे मानवतात ती तिप्पट, पाचपट अशी विषम पटीतली कंपनं. त्यामुळे अंगठ्याखालची मागची चावी दाबली की सा चा तार सा होत नाही, थेट तार सप्तकातला पंचम लागतो. बासरी सोडून क्लॅरिनेट हातात घेणारा माणूस इथे हमखास गोंधळतो. सनई आणि ओबोही पत्तीचेच, पण त्यांची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून ते पुन्हा सा ला सा देतात.

आता घसरत्या सुरांकडे येऊ. बांबूच्या बासरीवर बोट थेट भोकावर असतं. ते झटकन न उचलता हळूहळू बाजूला कलतं केलं की भोक कणाकणाने उघडतं आणि ग वरून म पर्यंत सलग मींड निघते. सनईवाला त्यात ओठांचा दाब आणि फुंकरही मिसळतो. आपल्याकडे याला कोणी विस्तारित तंत्र म्हणणार नाही, याच्याशिवाय राग उभाच राहत नाही. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकात ऑर्केस्ट्रा मोठे झाले. प्रत्येक सूर सारख्या ताकदीचा आणि कोणत्याही पट्टीत बिनचूक लागावा ही गरज होती. जर्मनीच्या थिओबाल्ड बोम यांनी 1847 मध्ये जी बासरी घडवली तिची भोकं इतकी मोठी आणि अशा जागी होती, की बोटांना ती झाकणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यावर गादीच्या चाव्या आल्या. सूर पक्के झाले, आणि मींड गेली. चावी एक तर उघडी असते किंवा बंद, तिच्या मधल्या अवस्थांवर बोटाचा फारसा ताबा राहत नाही. पुढे काही बासऱ्यांच्या चाव्यांना मधोमध भोक ठेवण्याची पद्धत रुळली, त्यामुळे बोट सरकवून थोडी घसरण साधते.

क्लॅरिनेट या बाबतीत नशीबवान. तिच्या बऱ्याच भोकांवर नुसत्या कड्या असतात आणि भोक बोटानेच झाकायचं असतं. त्याचा सगळ्यात गाजलेला परिणाम 12 फेब्रुवारी 1924 रोजी न्यूयॉर्कमध्ये ऐकू आला. जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘रॅप्सडी इन ब्लू’ची सुरुवात कागदावर वेगळी होती: एक थरथरता सूर आणि त्यानंतर वर चढत जाणारी सुट्या सुरांची पळती ओळ. तालमीत क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मन यांनी गंमत म्हणून ती सगळी ओळ एका लांब घसरणीत वाजवली. गर्श्विनना ती इतकी आवडली की तीच कायम झाली.

ही घसरण फक्त बोटांची नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात वादक वाजवत असतानाच त्यांच्या तोंडातले अनुनाद, म्हणजे त्या पोकळीत आपोआप घुमणारे सूर, मोजले गेले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं, की मुरलेले वादक वरच्या सप्तकात जीभ आणि घसा असे जुळवतात की तोंडाच्या पोकळीचा स्वतःचा अनुनाद हव्या त्या सुराजवळ येतो. मग पत्ती नळीपेक्षा तोंडाचं ऐकते. खालच्या सुरांत नळीची पकड घट्ट असते, तिथे हा उपाय फारसा चालत नाही. बँडमधले जुने वादक नव्या पोराला ‘घसा मोकळा सोड’ म्हणतात, त्यात हेच आहे.

ही झाली गेलेलं परत मिळवण्याची गोष्ट. खरी नवलाई पुढे आहे, ती मल्टिफोनिक्स, म्हणजे एकाच वाद्यातून एकाच वेळी अनेक सूर.

यासाठी वादक नेहमीची बोटं सोडून आडवळणाची बोटं धरतो. नळीच्या मध्यावर कुठेतरी एखादंच लहान भोक उघडं ठेवायचं आणि त्याच्या खालची बरीचशी भोकं बंद करायची. आता आतल्या हवेपुढे दोन लांब्या असतात. एक तोंडापासून त्या उघड्या भोकापर्यंतची, दुसरी त्या भोकाला ओलांडून खालच्या भोकापर्यंतची. उघडं भोक पुरेसं मोठं असतं तर खालच्या नळीला कोणी विचारलंच नसतं. ते लहान असल्यामुळे दोन्ही लांब्यांचा हक्क राहतो आणि दोघींची कंपनं एकमेकांच्या सरळ पटीत बसत नाहीत. फुंकर आणि ओठांचा दाब नेमका साधला तर पत्ती दोन्ही कंपनांना एकदमच साथ देऊ लागते. शिवाय पत्ती ही नुसती झडप नव्हे, ती दोन कंपनांना एकमेकांत मिसळते. त्यामुळे त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे आणखी सूर तयार होतात. कानावर पडतो तो एक जाड, खवलेदार, आतून फडफडणारा स्वरपुंज.

नाशिकच्या रामकुंडाजवळच्या नारोशंकराच्या घंटेने हे समजायला सोपं जाईल. वसईच्या विजयानंतर आणलेली ती घंटा वाजली की टोल एक पडतो, पण कान लावला तर आत तीन-चार वेगवेगळे सूर ऐकू येतात आणि ‘हिचा सा कोणता’ हे ठरवताना पंचाईत होते. कारण घंटेची कंपनं एकमेकांच्या पूर्ण पटीत नसतात. बासरीचा साधा सूर पूर्ण पटीतल्या कंपनांचा असतो, म्हणून कान त्यांची मोळी बांधून एकच सूर ऐकतो. मल्टिफोनिकमध्ये ती मोळी सुटते.

इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांनी ‘सिक्वेन्झा’ नावाने एकेका वाद्यासाठी रचना लिहिल्या; 1958 मध्ये बासरीसाठी लिहिलेल्या पहिल्या ‘सिक्वेन्झा’मध्ये असा दुहेरी सूर मागितला आहे. 1967 मध्ये ब्रुनो बार्तोलोझ्झी या इटालियन संगीतकाराने लाकडी सुषिर वाद्यांच्या अशा आवाजांवर आख्खं पुस्तकच काढलं, कुठली बोटं धरली की कुठला स्वरपुंज निघतो याच्या याद्यांसकट. त्यानंतर हे तंत्र गंभीरपणे शिकवलं जाऊ लागलं. जॅझमध्ये जॉन कोल्ट्रेन सॅक्सोफोनवर 1950 च्या दशकाच्या अखेरीसच असले सूर काढत होते, तेही कुणाच्या याद्यांची वाट न बघता.

याची अगदी प्राथमिक चव घ्यायची तर कालिकेच्या यात्रेत मिळणारी साधी बासरीही चालते. सगळी भोकं बंद करून खालचा सूर लावा आणि फुंकर फार हळूहळू वाढवत न्या. वरच्या सप्तकात उडी मारण्याच्या अगदी आधी एक निसरडी जागा येते, तिथे खालचा आणि वरचा असे दोन्ही सूर एकदम ऐकू येतात. ही जागा केसाएवढी असते. तिथे टिकून राहण्याचा सराव म्हणजेच ओठांवर आणि पोटावर ताबा मिळवणं. त्यामुळे पुढे साधा सूरही सुधारतो, हा माझा अनुभव. यात्रेतली बासरी बेसूर असली तरी या कामाला काही बिघडत नाही.

वाजवता वाजवता गाणं हे याहून सोपं आणि ऐकायला जास्त मजेदार. बासरीवर सा धरा आणि गळ्यातून दुसरा सूर गुणगुणा. समजा बासरीचा सा 300 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 300 कंपनांवर आहे आणि तुम्ही त्याखालचा मंद्र पंचम, म्हणजे 225 हर्ट्झ गुणगुणलात. दोन्ही कंपनं मिसळली की त्यांची वजाबाकी 75 येते. 75 म्हणजे 300 चा बरोबर चौथा भाग, म्हणजेच दोन सप्तकं खालचा सा. आपण न वाजवलेला, न गायलेला खर्ज तळाशी घुमल्यासारखा वाटतो. बेरीज येते 525. तो सूर कोमल निषादाच्या जवळचा, पण त्याहून थोडा उतरलेला. म्हणून आवाजाला एक आंबूस धार येते. गळा किंचित बेसूर झाला की सगळी गणितं हलतात आणि आवाज गुरगुरायला लागतो. पत्तीच्या वाद्यांत हे मिश्रण आणखी ठळक होतं. सॅक्सोफोनवाले जी मुद्दाम गुरगुर काढतात ती बहुतेक वेळा हीच, घशातून गायलेली.

श्वास न तोडता वाजवण्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे गुरू शोधायला लांब जावं लागत नाही. पेठ-सुरगाण्याकडची पावरी किंवा पलीकडे जव्हार-मोखाड्याकडचा तारपा ऐकला असेल तर आठवा. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा किंवा तसाच एखादा भोंगा. नाचाचा फेर वाजवणाऱ्याभोवती फिरत राहतो आणि फेर सुरू आहे तोवर आवाज थांबत नाही. वाजवणारा माणूस, त्याला श्वास तर घ्यावाच लागतो. सनईच्या ताफ्यात एकजण नुसता सूर धरून बसतो, त्याच्या सुरातही कधी फट पडत नाही.

युक्ती अशी. वाजवताना गाल हवेने भरून घ्यायचे. मग जिभेचा मागचा भाग टाळूला टेकवून तोंड आणि घसा यांच्यामधलं दार बंद करायचं. आता तोंडात अडकलेली हवा फक्त गालांच्या स्नायूंनी वाद्यात ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने झटकन श्वास आत घ्यायचा. गाल रिकामे व्हायच्या आत दार उघडून पुन्हा छातीची हवा सुरू करायची. कठीण काय, तर या दोन अदलाबदलींच्या वेळी सूर हलू न देणं. सराव पेलाभर पाणी आणि एक नळी घेऊन करतात: बुडबुडे अखंड यायला हवेत, मध्ये खंड पडला तर कळतंच. गालांनी हवा दाबण्याची ताकद आधी वाद्याशिवाय कमवायची आणि मगच वाद्य हातात घ्यायचं. घाई करणाऱ्यांचा सूर दर श्वासाला उचकी लागल्यासारखा हलतो.

सनई आणि ओबोवर हे तुलनेने लवकर साधतं. त्यांच्या दुहेरी पत्तीमधली फट इतकी अरुंद असते की हवा फार कमी लागते, गालांतला साठा पुरतो. उलट ओबोवाल्याची अडचण हवा संपण्याची नसतेच, छातीत शिळी हवा साचून राहण्याची असते. बासरीवर याच्या नेमकं उलट. तिथे फुंकर मोकळी असते, गाल क्षणात रिकामे होतात, आणि गालाच्या जोरावर ओठांची फट स्थिर ठेवणं फार अवघड. एखाद्या बासरीवादकाने मिनिटभर अखंड सूर धरला तर टाळ्यांना हरकत नाही.

1969 मध्ये बेरिओ यांनी ओबोसाठी जो ‘सिक्वेन्झा’ लिहिला, त्यात आरंभापासून शेवटपर्यंत पाठीमागे एकच सूर मंदपणे चालू ठेवायचा असतो आणि ओबो त्याच सुराभोवती घुटमळत राहतो. कधी तो सूर वेगवेगळ्या बोटांनी वाजवून नुसता रंग बदलतो, कधी त्याला फोडून स्वरपुंज काढतो. हाइन्झ होलिगर या वादकासाठी लिहिलेली ही रचना पहिल्यांदा ऐकताना मला थेट सनई आणि तिच्यामागचा सूर आठवला. दोन्ही वाद्यं दुहेरी पत्तीची, शंकूच्या नळीची, त्यामुळे आवाजाच्या जातीतही साम्य आहे. पण रचनेचा हेतू वेगळा आहे. सनईवाला त्या सुराच्या आधाराने राग फुलवतो, बेरिओंचा ओबो त्या एका सुराचंच पोट फाडून बघतो.

जिभेची तंत्रं झटपट सांगून टाकतो. फुंकताना जीभ ‘र्र्र्’ अशी थरथरवली की सुराला फडफड येते. चायकोव्हस्की यांनी 1892 च्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेमध्ये बासऱ्यांकडून हे करवून घेतलं आहे, म्हणजे हे काही फार आधुनिक नाही. ज्यांच्या भाषेत जिभेच्या टोकाचा ‘र’ नाही त्यांना हे शिकायला महिने लागतात. मराठी माणसाला बासरीवर हे आयतंच येतं. क्लॅरिनेटवर पत्ती जिभेच्या आड येते, तिथे गुळणी केल्यासारखा घसा खुळखुळवावा लागतो. जीभ पत्तीला चिकटवून फटकन सोडली की ठोका निघतो, तो मोठ्या क्लॅरिनेटवर आणि सॅक्सोफोनवर विशेष चांगला लागतो.

चाव्यांच्या टकटकीला संगीतात जागा दिली संगीतकार एडगार व्हारेझ यांनी. 1936 मध्ये प्लॅटिनमच्या नव्या बासरीसाठी त्यांनी लिहिलेली रचना प्लॅटिनमच्या घनतेवरून ‘डेन्सिटी 21.5’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात हळू सुरांबरोबर चाव्या आपटून वाजवायच्या आहेत. याहून गमतीचं म्हणजे, बासरीचं तोंडाचं भोक ओठांनी पूर्ण झाकून त्यात जीभ जोराने ठोकायची. दोन्ही टोकांना उघडी असलेली नळी एका टोकाला बंद झाल्यामुळे जवळजवळ एक सप्तक खालचा, ढोलकीच्या बायासारखा सूर उमटतो. बरोबर सप्तकभर का नाही, तर फुंकताना तोंडाकडचं उघडं टोक नळीच्या लांबीत थोडी भर घालतं, ते बंद झाल्यावर ती भर जाते. म्हणून सूर सप्तकाला अर्धस्वर कमी उतरतो.

आता हे लिहायचं कसं? आपल्याकडे बंदिशी लिहून ठेवण्याची धडपड ज्यांनी केली, त्यांपैकी विष्णू दिगंबर पलुस्करांचा आश्रम इथेच पंचवटीत होता. स्वर, मात्रा, सप्तक कागदावर उतरवणारी त्यांची पद्धत बारकाईची आहे, पण मींड नेमकी किती वळणाने घ्यायची ते शेवटी गुरूसमोर बसूनच कळतं. विस्तारित तंत्रांचे संगीतकारही याच अडचणीत सापडले. सूर लिहून भागत नाही, म्हणून ते बोटं लिहितात: कुठलं भोक उघडं, कुठलं बंद, कुठलं अर्धं याची छोटी आकृती सुराच्या डोक्यावर काढतात. फुंकर कमी की जास्त, ओठ सैल की घट्ट, हेही लिहावं लागतं. कागद नकाशासारखा दिसायला लागतो.

तरीही फसगत होतेच. साध्या सुराला वाद्य सांभाळून घेतं. मल्टिफोनिक मात्र भोकाच्या आकारातल्या बारीक फरकालाही दाद देतो. एका कंपनीच्या क्लॅरिनेटवर सुरेख फुटणारा स्वरपुंज दुसरीवर नुसताच चिरकतो. त्यात हवामान आहे. तापमान एक अंशाने वाढलं की फुंकवाद्याचा सूर साधारण तीन सेंट चढतो, आणि शंभर सेंटचा एक अर्धस्वर. निफाडची जानेवारीतली पहाट आणि नाशिकची मे महिन्यातली दुपार यांच्यात तीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणजे हिशेबाने जवळपास एक अर्धस्वर. श्वासाच्या उबेने तो बराच कमी होतो, नाहीसा होत नाही. पावसाळ्यात पत्ती फुगून जड होते, थंडीत कोरडी पडून कडक होते. म्हणून या वाटेला गेलेले वादक छापील तक्त्याच्या बाजूला स्वतःच्या वाद्यावर चालणारी बोटं पेन्सिलीने लिहून ठेवतात. पेन अशासाठी नको, की पत्ती बदलली की त्यातली काही खोडावी लागतात.